चाफ्याच्या सोबतीची भाजीबाग

महाराष्ट्रात ‘चाफा’ म्हणून ओळखले जाणारे सर्वच वृक्ष एका कुळातील नाहीत. देवळांच्या आवारातील खुरचाफा निराळ्या कुळातील आहे. सोनचाफा मात्र मॅग्नोलिया प्रजातीत मोडतो. अमेरिकेच्या आग्नेय भागातून आलेला हिमचंपाही त्याच प्रजातीतील होय. दिल्लीच्या परिसरात हे दोन्ही वृक्ष लावले जातात. घराभोवतीच्या थोड्या जागेत असा वृक्ष व भाजीपाला एकत्र वाढवावयाचा असल्यास, कोणती भाजी लावावी याइतकेच ती कोठे लावावी हेही महत्त्वाचे ठरते.

या वृक्षांची मुळे मांसल असून जमिनीच्या वरच्या थरात दूरवर पसरतात. कुदळीने तुटलेली मुळे सावकाश भरून येतात. हळद, आले व अळू विरळ सावलीत चांगली वाढतात. त्यामुळे ती बुंध्याशी लावण्याचा मोह होतो. परंतु त्यांचे कंद खणूनच काढावे लागतात. म्हणून ती फांद्यांच्या घेराबाहेर, उत्तरेच्या बाजूस किंवा कुंड्यांत लावावीत. घेराच्या आत पालापाचोळ्याचे आच्छादन पुरे. तेथे फार तर पुदिन्याच्या कुंड्या ठेवाव्यात.

दोन्ही वृक्ष सदाहरित असल्याने हिवाळ्यातही त्यांची सावली दाट असते. डिसेंबरच्या अखेरीस दिल्लीत मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ३८ अंशच वर येतो. त्या वेळी ५ मीटर उंचीच्या वृक्षाची सावली उत्तरेस ६ मीटरांहून लांब पडते. मेथी, पालक, मुळा आणि कोबी यांचे वाफे यास्तव वृक्षाच्या दक्षिणेस असावेत.

मातीचा प्रश्न अधिक बिकट आहे. मॅग्नोलियास किंचित आम्ल माती मानवते, तर दिल्लीतील माती बहुधा अल्कधर्मी असते व भूजल पुष्कळ ठिकाणी कठीण असते. अशा मातीतील लोह मुळांना शोषता येत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. उपाय न केल्यास वृक्ष खंगत जातो. भाजीच्या वाफ्यात चुलीची राख टाकण्याची प्रथा आहे, परंतु राखेने अल्कता वाढते. ती वृक्षाजवळ कदापि टाकू नये. कुजलेल्या पानांचे खत आणि साठविलेले पावसाचे पाणी द्यावे.

मे-जूनमधील ‘लू’ पश्चिमेकडून येते. त्या बाजूस ४-५ मीटर अंतरावर शेवगा लावल्यास कोवळ्या झाडाला आडोसा मिळतो आणि घराला शेंगाही मिळतात.