कणगीला पाय हवेत

ज्वारी, बाजरी साठवायला कणगी असते. बांबूच्या कामट्यांची किंवा तुरीच्या काड्यांची ती विणतात आणि शेणामातीने लिंपतात. पण कणगी नुसती भुईवर ठेवायची नसते. खाली दगड मांडायचे, दगडांवर फळ्या आणि फळ्यांवर कणगी. असे का?

आम्ही शाळेत जात होतो तेव्हाची गोष्ट. त्या वर्षी कणगी भरण्याआधी वडिलांनी तिच्याखालचे चारही दगड न्हाणीला लावले. आजी म्हणाली, "अरे, कणगी भुईवर ठेवू नको."

वडील म्हणाले, "एका पावसाळ्यानं काय होतंय, आई?"

कणगीत रब्बीच्या पेरणीचे बी होते. पावसाळ्यात भुईला ओल आली. वरची ज्वारी चांगली दिसे, म्हणून तळ कुणी पाहिला नाही. पेरणीच्या वेळी खाली हात घातला, तर ज्वारीचे गोळे झालेले! कुबट वास सुटला होता. मूठभर दाणे ओल्या फडक्यात बांधून पाहिले. मोड आले नाहीत. मग सवाईने बी आणावे लागले. चार पायल्या घेतल्या, पाच फेडल्या.

भुईची ओल वर चढते. ओला दाणा गरम होतो. त्याला बुरशी लागते, कीड पडते. बुरशीचे दाणे विषारी असू शकतात. ते आपण खाऊ नयेत, गुरांनाही घालू नयेत. कणगीखाली वीतभर मोकळी जागा असली, की वारा खेळतो, झाडू फिरतो आणि उंदराचे बीळ लगेच दिसते.

दूर स्पेन देशाच्या उत्तरेलाही पाऊस फार. तिथली जुनी धान्याची कोठारे खांबांवर उभी आहेत. खांबाच्या डोक्यावर रुंद, सपाट दगड असतो. खांब चढून आलेला उंदीर त्या दगडापाशी अडतो. देश वेगळा, पण शहाणपण एकच.

आता पुष्कळ घरी पत्र्याच्या कोठ्या आणि पोती आली आहेत. तरी रीत तीच. धान्य कडक उन्हात वाळवा. दाणा दाताखाली कट्ट वाजला पाहिजे. पोती फळ्यांवर ठेवा, भिंतीपासून हातभर दूर.

पुढच्या वर्षी वडिलांनी न्हाणीतले दगड उपटले आणि पुन्हा कणगीखाली घातले. आजी काही बोलली नाही.

करून पाहा : तुमच्या घरचे धान्य भुईला टेकले आहे का? आजच तळाशी हात घालून पाहा.