कारभार काढून घेऊ नका

प्रश्न : सासूबाईंना स्मृतिभ्रंशाचे निदान झाले आहे. आता त्यांची सारी कामे आम्हीच करावीत काय?

उत्तर : तसे करू नये. या व्याधीत नुकत्याच घडलेल्या गोष्टींची स्मृती बहुधा प्रथम क्षीण होत असली, तरी हातांत मुरलेली जुनी कौशल्ये पुष्कळदा दीर्घकाळ टिकतात; म्हणून भाजी निवडणे, वाती वळणे, देवपूजा ही कामे त्यांच्याकडेच राहू द्यावीत, आणि ‘काय नेसणार?’ असे मोघम न विचारता दोन पातळे समोर ठेवून निवड त्यांच्यावर सोपवावी. चूक चारचौघांत दाखवू नये. शेगडीवर मात्र नजर असावी. मृत्युपत्रादी दस्तऐवज, त्यांची समज शाबूत आहे तोवरच, त्यांच्या मर्जीनुसार वकिलाकरवी करून घ्यावेत. कारण आकलनशक्ती लोपल्यावर साधे मुखत्यारपत्रही आपल्या कायद्यानुसार निष्प्रभ ठरते.