पॉझिटिव्ह आले ते काय? – 'कावीळ बी'चा रिपोर्ट

आपल्या समाजातील अनेक मुलेमुली आज नर्सिंग व लॅब टेक्निशियनच्या शिक्षणाकडे वळत आहेत. त्यांना हिपॅटायटिस-बीचा रिपोर्ट लागतो, आणि त्यावर 'पॉझिटिव्ह' शब्द दिसला की घरात रडारड सुरू होते. वास्तविक प्रथम विचारावे ते एवढेच, की पॉझिटिव्ह आले ते काय?

'एचबीएसएजी' हा विषाणूच्या आवरणाचा अंश होय. बारूच ब्लुमबर्ग यांना तो ऑस्ट्रेलियातील एका आदिवासीच्या रक्तात आढळला, म्हणून त्यास 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' असेही म्हणतात. (या कार्याबद्दल त्यांना १९७६ चे नोबेल मिळाले.) तो पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू आज शरीरात आहे; सहा महिन्यांनंतरही राहिला तर आजार दीर्घकालीन समजतात. मात्र लस घेतल्यावर काही दिवस ही चाचणी फसवी येऊ शकते, म्हणून ती त्या काळात करू नये.

याउलट 'अँटी-एचबीएस' पॉझिटिव्ह ही आनंदाची बातमी आहे. ही विषाणूला रोखणारी प्रतिपिंडे. लसीचा शेवटचा डोस घेऊन एक-दोन महिन्यांनी केलेल्या तपासणीत आकडा १० किंवा अधिक आला की संरक्षण मिळाले. ते लसीने की आजार होऊन गेल्याने, हे 'अँटी-एचबीसी' सांगते. लसीत विषाणूचा गाभा नसतो. त्यामुळे केवळ लस घेतलेल्याची ही चाचणी निगेटिव्ह येते.

एचबीएसएजी पॉझिटिव्ह आलेल्याचे ताट-पेला वेगळे काढणारी घरे आहेत. ताट वेगळे काढणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको! हा विषाणू रक्त, शरीरसंबंध, दूषित सुई आणि प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळाला, असा जातो. एका ताटात जेवल्याने नाही. वस्तरा व दात घासण्याचा ब्रश तेवढा वेगळा असावा, घरच्यांनी तपासणी करून लस घ्यावी, आणि रुग्णाने यकृताची नियमित तपासणी चालू ठेवावी.

काही वर्षांनी आकडा १० च्या खाली गेला तर? पूर्वी तो १० च्या वर गेल्याची नोंद असेल, तर निरोगी माणसाने घाबरू नये. शरीराची स्मृती शाबूत असते. डायलिसिसच्या रुग्णांची गोष्ट निराळी, त्यांची तपासणी दरवर्षी करतात. पूर्ण लस घेऊनही सुरुवातीलाच आकडा कमी आला, तर पुन्हा तीन डोस द्यावे लागतात. तरीही न वाढल्यास एचबीएसएजी तपासावा. तो निगेटिव्ह असूनही संरक्षण नसेल, तर अशा विद्यार्थ्याने रुग्णाची सुई टोचताच, शक्यतो २४ तासांच्या आत, इम्युनोग्लोब्युलिनच्या इंजेक्शनसाठी डॉक्टरांकडे जावे.