यादीत न बसलेला तेरावा

तुळजापूर, भाद्रपद

चि. बाळास मामाचे अनेक आशीर्वाद.

गौरी जेवून गेल्या, आक्का लातूरला परतली आणि त्याच आठवड्यात मामाच्या कानावर एक गोष्ट आली. पंचांच्या शिबिरात तुमच्याकडचे एक क्रीडाशिक्षक भेटले. चहाच्या वेळी सहज म्हणाले, "तुमचा भाचा यंदा शाळेच्या सतरा वर्षांखालच्या खो-खो संघात आहे की! जूनपासून मैदानावर दिसला नाही, पण नाव पक्कं आहे. दहावीचं वर्ष ना, मार्कांसाठी ठेवलंय. घरचे येऊन बोलून गेले."

मामाने तिथे पुढे काही विचारलं नाही. ऐकीव गोष्टीवरून घरच्या पोराला धारेवर धरायचं नाही, ही आजोबांची शिस्त. पण दोन रात्री डोक्यातून ते जाईना. फोनवर तू "हो मामा, नाही मामा" म्हणतोस आणि तेवढ्यात क्लासची वेळ होते. म्हणून पत्र.

यादीत बारा नावं असतात. नऊ जण मैदानात उतरतात, तीन राखीव. तू बारातला एक झालास म्हणजे कुणीतरी तेरावा झाला. तो कोण, हे तुला माहीत आहे का? मामाला सगळ्यात आधी हेच विचारायचं आहे.

राखीव म्हणजे नुसतं बाकावर बसणं, अशी समजूत तुझी तरी नसावी. आक्रमणाच्या वेळी आठ जण मधल्या पाटीवर बसतात, एकाआड एक विरुद्ध दिशेला तोंड करून, आणि नववा धावतो. धावणाऱ्याला दिशा धरली की मागे वळता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही. पळणारे तिघे मात्र बसलेल्यांच्या मधून हवे तिकडे निसटतात. अशा खेळात सगळा भरवसा खो वेळेवर मिळण्यावर आणि मिळताच उठण्यावर. पाठीला हात लागण्याआधी उठलास तर फाउल; उठायला क्षणभर उशीर झाला तर गडी खांबाच्या पलीकडे. हा अंदाज एकमेकांबरोबर रोज संध्याकाळी घाम गाळल्याशिवाय येत नाही. दुसऱ्या डावात कुणाच्या पोटरीत गोळा आला, कुणाचा गुडघा सोलला, तर राखीव गड्याला त्याच पाटीवर बसावं लागतं. जूनपासून मैदान न पाहिलेला मुलगा तिथे बसला तर उरलेल्या आठांचं काय होईल, हे तुला कळायला हवं. सहावीत असताना वाड्याच्या अंगणात खडूने चौक आखून तूच मामाला हे सगळं शिकवत होतास.

ज्या मार्कांसाठी तुझं नाव ठेवलंय, ते सवलतीचे गुण मुळात वाईट नाहीत. दहावी-बारावीला खेळाडूंना ते मिळतात, जिल्हा, विभाग, राज्य असं वर जावं तसे वाढतात. चित्रकलेची इंटरमिजिएट दिलेल्यांनाही अ श्रेणीला ७, ब ला ५, क ला ३ असे गुण आहेत. शास्त्रीय नृत्य, गायन, लोककला यांनाही आहेत. पाच वाजता शाळा सुटल्यावर जे पोर दोन तास मैदानात किंवा तबल्यासमोर घालवतं, त्याचा अभ्यासाचा वेळ जातो. त्याची थोडी भरपाई व्हावी, हा त्यामागचा न्याय. मामा इतकी वर्षं शाळांच्या मैदानांवर उभा आहे. या गुणांमुळे किती आयांनी पोरींना सरावाला पाठवलं, हे त्याने पाहिलंय. म्हणूनच जीव तुटतो. भरपाई त्याची, ज्याची संध्याकाळ गेली.

आणि हे गुणांपाशी थांबत नाही, बाळा. राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्याच्या जोरावर गावागावांतली पोरं पोलिसांत, महसुलात लागली. मग काहींनी कधी पायही न ठेवलेल्या खेळांची प्रमाणपत्रं मिळवली. ट्रॅम्पोलिनच्या बनावट प्रमाणपत्रांचं प्रकरण मराठवाड्यातच गाजलं. परिणाम काय, तर आज प्रामाणिक खेळाडूलाही आपलं प्रमाणपत्र पडताळणीसाठी देऊन वाट बघत बसावं लागतं. खऱ्या खेळाडूकडे संशयाने बघायची वेळ त्या लोकांनी आणली. त्यांतल्या कुणाची तरी सुरुवात अशीच झाली असेल: शाळेच्या यादीत, राखीव म्हणून, घरच्यांनी कुणाशी तरी बोलून.

दाजींना मामा दोष देत नाही. हे पत्र त्यांनी वाचलं तरी चालेल. शेत विकून नव्हे, पण शेताकडे पाठ फिरवून ते लातूरला आले, ते तुझ्या शिक्षणासाठी. अभ्यासाचा लातूर पॅटर्न म्हणून राज्याने ज्याचं नाव घेतलं, त्या शहरात राहून एका मुलाला मागे पडू द्यायचं, हे कुठल्या बापाला सोसेल? क्लासेसच्या भागात, उद्योग भवनाच्या बाजूला संध्याकाळी सहा वाजता उभं राहिलं की दप्तर घेतलेल्या मुलांचा लोंढा दिसतो. त्यांत आपला मुलगा कुठे, हाच विचार बापाच्या मनात. त्यांनी जे केलं ते काळजीपोटी केलं. पण नाव तुझं आहे. सही तुझी आहे. शाळेत जाऊन "सर, माझं नाव काढा" असं फक्त तूच म्हणू शकतोस.

सारिका काळेबद्दल तुला नव्याने सांगायला नको, आपल्याच जिल्ह्यातली. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाची कर्णधार, २०२० साली अर्जुन पुरस्कार. खो-खोला तो कितीतरी वर्षांनी मिळाला. आपल्या तुळजापुरात तिने तालुका क्रीडा अधिकारी म्हणून काम केलं. पुरस्कार जाहीर झाला तेव्हा तिने सांगितलं होतं की जवळपास दहा वर्षं तिला दिवसातून एकच वेळचं जेवण मिळत होतं. तुला लाजवावं म्हणून मामा हे लिहीत नाही. तुझ्या ताटात दोन भाकरी जास्त पडाव्यात म्हणूनच आक्का-दाजी राबतात. सांगायचं एवढंच, की अशा घरातली पोरं आजही शाळांच्या यादीत आहेत, आणि कधीकधी यादीबाहेरही. तो तेरावा मुलगा कदाचित अशाच घरातला असेल. त्याच्यासाठी जिल्ह्याचा तो एक सामना म्हणजे एसटीतला पहिला लांबचा प्रवास असेल, पहिली जर्सी असेल.

२०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या दोन्ही संघांनी नेपाळला हरवलं. मुलींनी ७८-४०, मुलांनी ५४-३६. दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर. तू त्या रात्री फोन करून ओरडत होतास, "मामा, मॅटवर कसला सूर मारतात बघितलंस का?" आजी झोपेतून उठून बसली होती. तो आवाज मामाच्या कानात अजून आहे. म्हणून विश्वास बसत नाही, की तोच मुलगा जूनपासून मैदानावर गेलेला नाही.

मामाचं स्वतःचं सांगायचं तर, त्याचा खेळ अकरावीत सुटला. आजोबांना अर्धांगाचा झटका आला, मोटारीचं पाणी रात्री यायचं, जनावरं होती. थोरला म्हणून ते त्याच्यावर आलं. त्यात कुणाची चूक नव्हती. खेळ सुटल्याचं दुःख कधीच विरलं. सलतं ते दुसरंच. त्यानंतर कितीतरी वर्षं तो मैदानाकडे फिरकलाच नाही. संघात नाही तर मग जायचं कशाला, असं त्याला वाटायचं. रात्री पाणी द्यायचं होतं, संध्याकाळ रिकामी होती. जाऊन नुसतं चार पोरांबरोबर धावता आलं असतं, लहानांना खांबावरचं वळण दाखवता आलं असतं. ऐन अंगात वारं भरलेलं असतानाची ती वर्षं पारावर बसून गेली. बी.पी.एड. करून शिक्षक झाल्यावर तो परत मैदानावर आला खरा, पण तोवर हातात शिट्टी होती आणि पाय जड झाले होते.

त्यामुळे खेळलंच पाहिजे, असा हट्ट मामाचा नाही. सोडावंसं वाटत असेल तर सोड. दहावी आहे, सकाळी साडेसहाचा क्लास, शाळा, पुन्हा क्लास; माणूस थकतो, आणि तू तर अजून माणूसही पुरता झालेला नाहीस. खो-खो सोडल्याने तू मामाच्या नजरेतून उतरणार नाहीस. फक्त खरोखर सोड. सरांना भेटून सांग, नाव कमी करायला लाव, आणि त्या जागी येणाऱ्या मुलाला तुझी जुनी गुडघापट्टी दे. किंवा खरोखर राहा; आठवड्यातले तीन दिवस सरावाला जा आणि राखीवच्या बाकावर हक्काने बस. दाजींशी तीन दिवसांचं बोलायचं काम मामाकडे लागलं. ते मामाचं ऐकतात, आक्काच्या लग्नापासूनची ओळख आहे.

खेळ नसेल जमत तर दुसरं काही धर. तुझ्या शाळेत राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेचा प्रकल्प करणारा गट आहे, असं आक्का म्हणत होती. १९९३ पासून चालू आहे ती. दहा ते सतरा वर्षांची मुलं आपल्या गावचा एखादा प्रश्न घेतात, मोजमाप करतात, मांडतात. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा तू इतकासा होतास आणि ताटलीएवढ्या डब्यात पावसाचं पाणी धरून पट्टीने मोजायचास. तुमच्या गल्लीतल्या बोअरचं पाणी महिन्याला किती खाली जातं, हे मोजायला क्लास बुडवावा लागणार नाही. रविवारची एक सकाळ पुरे. गुण मिळोत न मिळोत, तुला ते आवडेल, याची मामाला खात्री आहे.

आता हे सगळं लिहून झाल्यावर वाटतंय, पत्र फारच कडक झालं. कदाचित ऐकलेलं खोटंही असेल. त्या शिक्षकांनी दुसऱ्याच कुणाला तू समजून सांगितलं असेल. तसं असेल तर मामाला खुशाल चार शब्द सुनाव, तो ऐकून घेईल. आणि खरं असेल तरी घाबरू नकोस. स्पर्धा अजून झालेल्या नाहीत, यादी बदलता येते, सर चांगले आहेत. मामा सोबत येईल, लागलं तर. तो तेरावा मुलगा कोण, हे आपण दोघे मिळून विचारू.

नवरात्रात इकडे गर्दी असते, तेव्हा येऊ नकोस, दिवाळीत ये. आजीने शेंगांची चटणी करून ठेवली आहे, पुढच्या रविवारी लातूरला येणाऱ्या माणसाबरोबर पाठवते. रात्री किती वाजता झोपतोस, ते खरं कळव. आणि एक गोष्ट मामाला आत्ता लिहिता लिहिता सुचली. गेल्या वर्षी खांबावर सूर मारताना तुझा डावा घोटा मुरगळला होता. तेव्हा तू आक्काला "काही नाही, थोडंसं" म्हणाला होतास आणि दोन महिने लंगडत होतास. सरावाला न जाण्याचं कारण तेच नाही ना? अजून दुखतो का? पडायची भीती बसली आहे का? तसं असेल तर आईला सांगू नकोस, दाजींनाही नको, मामाला सांग. सोलापूरला हाडांचे एक चांगले डॉक्टर मामाच्या ओळखीचे आहेत. दोघे जाऊन येऊ, येताना तुला नवे बूटही घेऊ. नंबर कळव, पाय वाढला असेल.

तुझा,
मामा