हाली आणि कलदार : जुन्या नाण्यांतील भेद कसे ओळखावेत?

‘सोळा आणे खरे’, ‘बंदा रुपया’, ‘पै-पैचा हिशोब’ हे शब्दप्रयोग आपण रोज करतो. पण आणा आणि पै प्रत्यक्ष हातात घेऊन पाहिलेले विद्यार्थी आता वर्गात क्वचितच सापडतात. मात्र घरातील जुनी पेटी, देव्हाऱ्यातील डबी किंवा आजीचा बटवा उघडला, तर आपल्या जिल्ह्यात अजूनही ही नाणी निघतात. ती एका राज्याची नसून दोन राज्यांची असतात, हे आपल्या जिल्ह्याचे वैशिष्ट्य होय.

धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचे चलन ‘हाली सिक्का’. शेजारचे सोलापूर व बार्शी इंग्रजी अमलात. तेथे चाले तो ‘कलदार’. सारा भरायचा तो हालीत आणि सोलापूरच्या पेठेत माल विकून हाती यायचा तो कलदार. त्यामुळे सरहद्दीवरच्या शेतकऱ्याला दोन्ही चलनांचा हिशोब तोंडपाठ ठेवावा लागे. हैदराबाद भारतात विलीन झाल्यावरही काही वर्षे हाली चलन भारतीय रुपयाबरोबर चालू राहिले आणि १९५९ साली ते कायमचे संपले.

सात हाली, सहा कलदार

अधिकृत दराने १०० कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली मिळत. म्हणजेच सहा कलदार बरोबर सात हाली. हा दर कोणाच्या लहरीने ठरला असेल असे वाटण्याचा संभव आहे. म्हणून तराजू घेऊन पाहू. कलदार रुपयाचे वजन सुमारे ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा; त्यात चांदी ९१.७ टक्के, अर्थात सुमारे १०.६९ ग्रॅम. चारमिनारछाप हाली रुपयाचे वजन सुमारे ११.१८ ग्रॅम आणि चांदी ८१.८ टक्के, अर्थात सुमारे ९.१४ ग्रॅम. आता गुणाकार करावा. सात हालीत चांदी ६४ ग्रॅम भरते आणि सहा कलदारांतही जवळजवळ तितकीच! नाण्याचा अभ्यास वजनापासून का सुरू करावा, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

सुटे पैसे मोजण्याची रीतही दोन्हीकडे निराळी होती. रुपयाचे आणे दोन्हीकडे सोळाच. पण कलदार आण्याचे चार पैसे, तर हाली आण्याचे दोन पैवाले सहा डब. म्हणून कलदार रुपयाचे ६४ पैसे होत, हालीचे मात्र ९६ डब.

हाली नाणे कसे वाचावे?

विसाव्या शतकाच्या आरंभी, सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या कारकिर्दीत, यंत्रावर पाडलेला चारमिनारछाप रुपया आला. एका बाजूस चारमिनार व भोवती ‘निजाम-उल-मुल्क आसफजाह बहादूर’ ही अक्षरे. दुसऱ्या बाजूस मध्यभागी मूल्य आणि भोवती राज्यारोहणाचे वर्ष व टांकसाळीचे नाव, ‘फर्खुंदा बुनियाद हैदराबाद’. ९२ हा आकडा दिसला तर त्याला साल समजू नये. अक्षरांना अंकमूल्य देण्याच्या अबजद पद्धतीने तो ‘मुहम्मद’ या नावाचा आकडा आहे.

खरी गंमत चारमिनारच्या मधल्या कमानीत आहे. भिंग घेऊन पाहावे. कमानीत ‘मीम’ हे अक्षर असेल तर नाणे महबूब अली खानांचे. ‘ऐन’ असेल तर सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांचे. याच उस्मान अलींच्या नावावरून आपल्या शहराला उस्मानाबाद म्हणत. २०२३ साली धाराशिव हे मूळ नाव पुन्हा अधिकृत झाले. उस्मान अली १९११ साली गादीवर आले. त्यांच्या आरंभीच्या, म्हणजे हिजरी १३२९ व १३३० च्या, काही रुपयांवर हे ‘ऐन’ अर्धवट उमटवलेले आहे. पुढे ते पूर्ण काढू लागले. दूरून दोन्ही रुपये सारखेच दिसतात. संग्राहक मात्र त्यांना दोन स्वतंत्र प्रकार मानतात.

सालाबाबत आणखी एक सूचना. नाण्यावरील साल हिजरी असते. जमिनीच्या जुन्या कागदांवरील साल बहुधा फसली असते. दोहोंची गल्लत करू नये. फसली सालात ५९० मिळविले की इसवी सन येतो. हिजरी साल चांद्र असल्याने त्यातून शेकडा तीन वजा करून ६२२ मिळवावेत. उदाहरणार्थ, १३३७ मधून ४० वजा केले की १२९७ उरतात. त्यात ६२२ मिळविले की १९१९. हिजरी १३३७ हे साल १९१८ च्या ऑक्टोबरात सुरू होऊन १९१९ मध्ये संपले, तेव्हा उत्तर बरोबर येते. राज्यारोहणाचे वर्ष हिजरी वर्षाच्या मध्येच बदलत असल्याने एकाच हिजरी सालाच्या नाण्यांवर दोन निरनिराळी राज्यवर्षे आढळू शकतात. हाही एक भेदच होय.

कलदारातील खुणा

इंग्रजी नाण्यांवरील साल वाचणे सोपे. पण तेथेही फसगत होते. व्हिक्टोरिया राणीचा १८६२ सालचा रुपया घ्या. ते साल तसेच ठेवून हे रुपये १८७४ पर्यंत पाडले जात होते आणि निरनिराळ्या वर्षांची खूण म्हणून सालाजवळ ठिपके दिले जात. म्हणून अशा रुपयावरील ठिपके मोजल्याशिवाय तो खाली ठेवू नये. १८७७ पासून ‘राणी’च्या जागी ‘सम्राज्ञी’ हा शब्द आला.

एडवर्डच्या पाव आण्यात १९०६ हे साल महत्त्वाचे आहे. त्या वर्षी तांब्याऐवजी कांस्याची पातळ नाणी सुरू झाली. त्यामुळे १९०६ चा पाव आणा दोन्ही धातूंत मिळतो : तांब्याचा सुमारे ६.४७ ग्रॅम, कांस्याचा सुमारे ४.८६ ग्रॅम. रंगावर विसंबू नये, वजन करावे.

पंचम जॉर्जच्या १९११ च्या रुपयाची कथा तर प्रसिद्धच आहे. राजाच्या झग्यावरील हत्तीची सोंड इतकी आखूड झाली, की लोकांना तेथे डुक्कर दिसले. असंतोष पसरला, पुष्कळ नाणी परत घेऊन वितळविण्यात आली आणि १९१२ पासून सोंड नीट काढण्यात आली. याच राजाच्या रुपयावर मागच्या बाजूस खालच्या फुलाजवळ बारीक उठावाचा ठिपका असेल तर तो मुंबई टांकसाळीचा. ठिपका नसेल तर कलकत्त्याचा.

काही पथ्ये

पहिले पथ्य मी चूक करून शिकलो. आमच्या घरी आजीच्या बटव्यात नऊ नाणी होती. त्यांतील एक डब मी शाळेत असताना चिंचेने घासून लखलखीत केला. डब चमकला, पण आधीच झिजलेले साल त्याबरोबर निघून गेले. आज तो कोणत्या सालचा हे कोणीच सांगू शकणार नाही. नाणे घासू नये. कडेला धरावे, कोरड्या कागदी पाकिटात ठेवावे.

दुसरे पथ्य नोंदीचे. नाणे कोणाच्या घरी, कोणत्या गावी मिळाले, त्याचे वजन, साल, राज्यवर्ष व विशेष खूण एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात घालावी. एखाद्या गावच्या घरांतून कलदार अधिक निघतात की हाली, यावरून त्या गावचा व्यापार कोणत्या दिशेने वाहत होता याचा अंदाज बांधता येईल. हे काम आपल्या विद्यार्थ्यांनी सहज करण्यासारखे आहे.

तिसरे पथ्य कायद्याचे. नांगरताना वा पाया खणताना दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन सापडले, तर १८७८ च्या कायद्यानुसार त्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. ज्या जिल्ह्यात तेरसारखे सातवाहनकालीन नगर आहे, तेथे तर हे विसरून चालणार नाही.

चौथे पथ्य लोभाचे. ‘जुन्या नाण्याला लाखो रुपये’ अशा जाहिरातींना भुलू नये. आधी शुल्क भरण्यास सांगून लोकांना लुबाडणाऱ्यांविरुद्ध रिझर्व्ह बँकेने २०२१ साली जाहीर इशारा दिला आहे. सामान्य हाली रुपयाला बाजारात फार मोठी किंमत येत नाही. त्याचे मोल वेगळे आहे.

आजीच्या बटव्यातील पाच रुपये बहिणीच्या लग्नात पैंजणांसाठी आटविले गेले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. आजीने ते अडीअडचणीसाठीच जपले होते आणि चांदी लेकीच्या पायात गेली हे तिला आवडलेच असते. खंत इतकीच, की सोनाराने ते तोलून पाहिले. पण कमानीत ऐन अर्धे होते की पूर्ण, हे आमच्यापैकी कोणी पाहिले नाही. पाच मिनिटे आणि एक भिंग एवढेच हवे होते.

आपल्याही घरी अशी डबी असेल. आटवायची की ठेवायची हे घरातील वडीलधारे ठरवतील. त्याआधी एकदा ती उजेडात आणून नीट वाचावी, कागदावर उतरवून ठेवावी, इतकीच विनंती.