‘सेम टू सेम’ स्प्रिंग

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत स्प्रिंगा वळण्यात माझी उमर गेली. आमच्याकडे येणारं गिऱ्हाईक बहुतेक वेळा खिशातून एक जुनी स्प्रिंग काढतं, टेबलावर ठेवतं आणि म्हणतं, “अश्शीच द्या.” डोळ्यांना दिसते ती तिची उंची आणि बाहेरचा घेर. ती किती जोर लावणार, हे त्या दोन्हींवरून कळत नाही. हे मी लोकांना समजावून दमलो होतो. मग प्रकरण घरातच आलं.

माझे दाजी निफाड तालुक्यात द्राक्षं करतात. गोडी छाटणी झालेली, फुटी निघालेल्या आणि आभाळ भरून आलेलं. अशा वेळी डाउनी रोगाची फवारणी एक दिवस लांबवणं म्हणजे काय, हे बागाईतदाराला सांगायला नको. नेमकी तेव्हाच फवारणीच्या एचटीपी पंपाच्या प्रेशर रेग्युलेटरमधली स्प्रिंग तुटली. दुकानातून दुसरी आणली, बसवली. प्रेशरचा काटा बाविसाच्या पुढे सरकेना, आणि यांच्या गनला पस्तीस लागतं. म्हणून गड्याने रेग्युलेटरची चाकी आवळली, अजून आवळली, शेवटी चाकी फिरायचीच थांबली. त्याबरोबर काटा टुणकन पस्तिसावर गेला आणि सगळ्यांना हायसं वाटलं. ओळीच्या टोकाला जाऊन गड्याने गन बंद केली आणि डिलिव्हरीचा पाईप फुटला. औषध त्याच्या खांद्यावर उडालं. लगेच कपडे काढून साबणाने आंघोळ घातली, म्हणून निभावलं.

दाजींचा फोन आला तो पाईप कंपनीला शिव्या घालायला. “नवाकोरा पाईप होता भाऊ!” मी विचारलं, पंपात अलीकडे काय बदललं? “काही नाही. एक स्प्रिंग बदलली. दुकानदार म्हणाला, सेम टू सेम आहे.”

रविवारी गेलो तो व्हर्नियर आणि मायक्रोमीटर घेऊनच. शेजारच्या बागेत त्याच बनावटीचा पंप होता, त्यातली मूळ स्प्रिंग मागून आणली. दोन्ही शेजारी उभ्या केल्या तर दोन्हींची उंची ५० मिलिमीटर, दोन्हींचा बाहेरचा व्यास २४. दुकानदार खोटं बोलला नव्हता, त्याने एवढंच पाहिलं होतं. पण मायक्रोमीटर तारेला लावला तेव्हा मूळ स्प्रिंगची तार ४.० मिलिमीटर भरली आणि नव्या स्प्रिंगची ३.६. वेढे मोजले तर मूळ स्प्रिंगचे ८, नवीचे १०. दाजी म्हणाले, “वेढे जास्त आहेत, म्हणजे दणकट असेल ना?” बहुतेकांना असंच वाटतं. खरं नेमकं उलटं आहे.

स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातात वाढतो. चारचा चौथा घात २५६ आणि ३.६ चा साधारण १६८. तार फक्त ०.४ मिलिमीटरने बारीक, पण एवढ्यानेच एक तृतीयांश जोर गेला. तार बारीक झाली आणि बाहेरचा व्यास तोच राहिला की वेढ्याचा मधला व्यास थोडा वाढतो. त्याच्या तिसऱ्या घातात कडकपणा घटतो, म्हणजे आणखी थोडा जोर गेला. त्यावर जास्तीचे वेढे. जितके वेढे अधिक तितकी तार लांब, आणि लांब तार सहज पिळली जाते. टोकांचे दोन बसके वेढे काम करत नाहीत, म्हणून मूळ स्प्रिंगचे कामाचे वेढे ६ आणि नवीचे ८. सगळं मांडून हिशेब केला तर मूळ स्प्रिंग १ मिलिमीटर दाबायला साधारण ५.३ किलो लागतात, नवीला जेमतेम अडीच.

कमजोर स्प्रिंग बसवली तर प्रेशर कमी मिळेल, एवढंच ना? इतक्यावर भागलं असतं तर पाईप फुटला नसता. या रेग्युलेटरच्या सीटचं भोक १४ मिलिमीटरचं, म्हणजे क्षेत्रफळ साधारण दीड चौरस सेंटिमीटर. पस्तीस किलो प्रेशरला पाणी त्या व्हॉल्व्हला सुमारे ५४ किलोच्या जोराने वर ढकलतं. मूळ स्प्रिंग दहा मिलिमीटर दाबली की तेवढा जोर तयार होतो. तिचे आठ वेढे एकमेकांना टेकले तर उंची ३२ मिलिमीटर उरते, म्हणजे दहा दाबूनही पुढे आठ मिलिमीटर जागा शिल्लक असते. प्रेशर वाढलं की व्हॉल्व्ह त्या जागेत उचलतो आणि जास्तीचं पाणी बायपासने टाकीत परततं. नव्या स्प्रिंगचे दहा वेढे ३६ मिलिमीटरलाच टेकतात. ती दाबायला जागा १४ मिलिमीटर, आणि पूर्ण दाबली तरी जोर ३५ किलोच्या आसपास. बावीस प्रेशरला काटा अडला तो यामुळे. गड्याने त्यापुढे चाकी आवळली तेव्हा वेढ्याला वेढा टेकला, स्प्रिंगचा लोखंडी ठोकळा झाला आणि व्हॉल्व्ह सीटवर कायमचा दाबून बसला. काटा पस्तिसावर गेला तो स्प्रिंगच्या जोरावर नव्हे, तर पाण्याला परतीची वाटच उरली नव्हती म्हणून. गन उघडी होती तोवर पाणी तिकडून जात होतं. गन बंद झाल्यावर पिस्टन पंपाने पाणी ढकलायचं कुठे?

तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो की तार आधी मोजा, आणि मायक्रोमीटरने मोजा. व्हर्नियर गोल वळलेल्या तारेवर तिरका बसतो आणि एक-दोन दशांश सहज जास्त दाखवतो. गंज, रंग, प्लेटिंग असेल तिथे घासून मोजा. तारेचे व्यापारी अजून गेजमध्ये बोलतात. आठ गेज म्हणजे ४.०६ मिलिमीटर, नऊ गेज म्हणजे ३.६६. ‘एक गेज इकडेतिकडे चालतं’ हे कुंपणाच्या तारेला ठीक आहे.

जुन्या स्प्रिंगच्या उंचीवर मात्र विश्वास ठेवू नका. तुटलेली किंवा वर्षानुवर्षं दाबात राहिलेली स्प्रिंग बसलेली असते, म्हणजे मोकळी केली तरी मूळ उंचीला परत येत नाही. गिऱ्हाईक ती ४६ मिलिमीटर मोजून आणतं, आम्ही ४६ ची करून देतो, आणि यंत्र पहिल्या दिवसापासून ढिलं चालतं. तारेची जाडी आणि वेढ्यांची संख्या जुन्या स्प्रिंगवरून घ्या, उंचीसाठी घर मोजा. स्प्रिंग बसते त्या भोकाचा व्यास, आतून दांडी जात असेल तर तिचा व्यास, स्प्रिंग बसवल्यावर उरणारी जागा आणि पूर्ण दाबल्यावर उरणारी जागा. भोकात थोडी सैल जागा ठेवावीच लागते, कारण दाबल्यावर स्प्रिंग किंचित फुगते. घट्ट बसणारी स्प्रिंग भिंतीला घासून मरते. उंची मधल्या व्यासाच्या चौपटीहून जास्त असेल तर स्प्रिंग मधेच वाकते, तिला आत दांडी किंवा बाहेर नळी हवी. आणि कामात पूर्ण दाबल्यावरही वेढ्यांमध्ये फट दिसली पाहिजे. एकूण दाबाच्या पंधरा-वीस टक्के तरी जागा मी सोडतो.

सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक ते, जे येऊन सांगतं, “चाळीस मिलिमीटर उंचीला त्रेपन्न किलो पाहिजे.” एवढं सांगितलं की बाकीचं डोकं आम्ही चालवतो. हा आकडा काढायला प्रयोगशाळा लागत नाही. दाजींच्या शेडमध्ये क्रेट तोलायचा वजनकाटा होता. तो गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याच्या ड्रिल मशीनखाली ठेवला, वर एक पाट्याचा तुकडा, त्यावर स्प्रिंग, आणि आतून एक बोल्ट उभा केला, म्हणजे ती सटकून तोंडावर येणार नाही. ड्रिलचं हँडल खाली ओढून दहा मिलिमीटर दाबलं. मूळ स्प्रिंगला काट्यावर बावन्न-त्रेपन्न, नवीला चोवीस-पंचवीस. कागदावरचा हिशेब दाजींना पटला नव्हता, हा पटला. रॉबर्ट हूकने १६७८ मध्ये मांडलेला नियम एवढाच आहे की जितकं दाबाल तितका जोर, त्याच प्रमाणात. म्हणून एका मापावरून बाकीचं काढता येतं.

आता तार कशाची, हा प्रश्न. साधी कार्बन स्टीलची ओढलेली तार भारतीय मानक ४४५४ मध्ये येते. तिथे एसएल, एसएम, डीएम, एसएच, डीएच असे वर्ग आहेत. पहिलं अक्षर भार स्थिर की सतत बदलता ते सांगतं, दुसरं ताकद कमी, मध्यम की जास्त ते. बाजारात मात्र अजून ‘ग्रेड टू’, ‘ग्रेड थ्री’ हेच चालतं. काही का म्हणेनात, बिलावर ग्रेड लिहून घ्या. पंपाच्या आतले सक्शन-डिलिव्हरी व्हॉल्व्ह मिनिटाला शेकडो वेळा उघडमीट करतात. तिथे स्थिर भाराची तार टाकली तर मोसमही निघत नाही.

द्राक्षवाल्यांना गंजाचं वेगळं सांगावं लागत नाही. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी असं बोर्डो मिश्रण तयार झालं की त्यात लोखंडी विळा बुडवून पाहतात. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला. त्या थराचा अर्थ असा की विळ्याचं लोखंड द्रावणात जातंय आणि त्याच्या जागी तांबं बसतंय. विळा आपण पुसून ठेवतो, पंपातली स्प्रिंग त्यातच राहते. तिच्यावर बारीक खड्डे पडतात आणि चीर त्या खड्ड्यातूनच सुरू होते. दाजींची पहिली स्प्रिंग तुटली तिथे मला तांबूस डाग दिसला. रेग्युलेटरची स्प्रिंग तशी औषधात बुडालेली नसते, पण वॉशर झिजला की थेंब थेंब तिच्यापर्यंत येतोच.

मग ‘स्टेनलेसची द्या’ म्हणतात. जरूर घ्या, पण तीच मापं देऊन नको. स्टेनलेसची तार साध्या तारेपेक्षा दहा-बारा टक्के मऊ पडते. तोच जोर हवा तर कामाचे वेढे कमी करावे लागतात, सहाचे सव्वापाच, नाहीतर तार किंचित जाड. ३०४ बऱ्याच ठिकाणी पुरते, खारट पाणी किंवा क्लोराईड असेल तिथे ३१६ बरी. आणि लोहचुंबक घेऊन तपासायला येऊ नका. ३०४ ची तार थंड ओढताना थोडी चुंबकीय होते, म्हणून चुंबक चिकटला तरी माल खोटा नसतो. यावरून आमच्या दारात भांडणं झाली आहेत.

झिंक प्लेटिंग स्वस्त पडतं, पण जास्त ताकदीच्या तारेत प्लेटिंगच्या वेळी हायड्रोजन शिरतो आणि तार ठिसूळ होते. अशी स्प्रिंग पेटीत पडल्या पडल्याही तुटते. प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत, दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास, काही तास भट्टीत भाजली का, हे विचारा. समोरचा गोंधळला तर प्लेटिंग नको, तेल लावून द्या म्हणावं.

जुगाडाबद्दल थोडं. लांब स्प्रिंग कापून बसवली तर ती मऊ होत नाही, उलट कडक होते, कारण वेढे कमी झाले. कापलेलं टोक सपाट करायला गॅसने लाल केलं की तेवढ्या तारेचं पाणी उतरलं. बसलेल्या स्प्रिंगखाली वॉशर टाकायची सवय तर घरोघरी आहे. सातपूरच्या बॉशमध्ये, जुन्यांच्या भाषेत मायकोत, डिझेल इंजेक्टर बनतात. जुन्या धाटणीच्या इंजेक्टरची सुई कोणत्या दाबाला उचलायची, ते स्प्रिंगखाली शिम घालूनच लावतात. पण तिथे शिम मोजून घालतात आणि स्प्रिंगला पुढे दबायला जागा किती उरली हे आधी ठरलेलं असतं. पंपात अंदाजाने तीन वॉशर घातले की जागा तेवढी घटते, आणि गाडी पुन्हा फुटलेल्या पाईपापाशीच येते.

नवी स्प्रिंग बसवल्यावर चाकी पूर्ण सैल करून पंप चालू करा, टाकीत साधं पाणी ठेवा. गन उघडी ठेवून चाकी थोडी थोडी आवळा आणि दर खेपेला गन क्षणभर बंद करून काट्याकडे बघा. गन बंद केल्यावर काटा किंचित चढून स्थिरावला आणि बायपासच्या नळीतून टाकीत पाणी जोरात पडू लागलं, तर व्हॉल्व्ह उचलतोय. काटा चढतच राहिला आणि बायपास कोरडा असेल, तर गन लगेच उघडा, पंप बंद करा आणि स्प्रिंग बाहेर काढून वेढे मोजा.