रोटाव्हेटरच्या शाफ्टचा क्रॉस : बदलण्याची योग्य रीत

मृगापूर्वी मशागतीची घाई सुरू झाली की आपल्या गॅरेजवाल्या बांधवांकडे एक काम हमखास येते. ट्रॅक्टरचा पी.टी.ओ. आणि रोटाव्हेटर यांना जोडणाऱ्या शाफ्टचा क्रॉस, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट, खडखडू लागतो. काम तासाभराचे आहे, पण घाईत केले तर आठवड्यात गिऱ्हाईक परत दारात उभे राहते. म्हणून या कामाची रीत आम्ही येथे क्रमाने देत आहोत.

प्रथम दोष ओळखावा. इंजिन बंद करून चावी काढून घ्यावी. शाफ्ट हाताने वर-खाली हलवावा व पिळून पाहावा. कपापाशी ढिलाई जाणवली, सीलजवळ तांबूस गंजाची पूड दिसली किंवा सांधा एखाद्या जागी अडकला, तर क्रॉस संपला असे समजावे. कपातल्या बारीक सुया ग्रीसशिवाय कोरड्या फिरतात आणि क्रॉसच्या दांड्यांवर चरे पाडतात. असा क्रॉस नवीन ग्रीस भरून सुधारत नाही.

शाफ्ट काढण्यापूर्वी दोन्ही नळ्यांवर व योकवर रंगाची खूण करावी. गार्ड काढून खाचा साफ कराव्यात. कपावर हलका ठोका दिला की लॉक मोकळे होते, मग ते पक्कडीने काढावे. नंतर व्हाइसमध्ये एका बाजूला कपापेक्षा लहान सॉकेट आणि दुसऱ्या बाजूला कप आत मावेल असे मोठे सॉकेट धरून कप दाबून काढावा. योकवर घणाचे घाव घालू नयेत, त्याचे कान वाकतात.

आता योकची भोके तपासावीत. नवा कप नुसत्या बोटाने आत जात असेल तर भोक लांबट झाले आहे. पंच मारून किंवा वेल्डिंगचा टिपका देऊन कप घट्ट करण्याची सवय काही ठिकाणी आहे. ती सोडावी. असा कप शेतात निसटतो. योक बदलावा लागेल हे गिऱ्हाइकाला आधीच स्पष्ट सांगावे.

नवा क्रॉस घेताना फक्त रोटाव्हेटरचे नाव सांगून चालत नाही. जुन्या कपाचा व्यास आणि समोरासमोरच्या दोन कपांची बाहेरून बाहेर लांबी व्हर्निअरने मोजून घ्यावी.

बसवताना कपातल्या सर्व सुया उभ्या आहेत ना ते पाहून आत ग्रीस लावावे. ग्रीस गन पोहोचेल अशा बाजूला निपल ठेवावे. क्रॉस योकमध्ये घालून त्याची दांडी कपात थोडी शिरवून धरावी व मगच दाब द्यावा. लॉकची खाच दिसण्याआधीच कप अडला तर जोर करू नये, एखादी सुई आडवी पडलेली असते. कप काढून पुन्हा लावावा. चारही लॉक खाचेत पूर्ण बसले पाहिजेत. सांधा हाताने सर्व बाजूंना सहज वळला पाहिजे. शेवटी चारही सीलमधून ग्रीस डोकावेपर्यंत गन मारावी.

जोडताना मधल्या शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेत हवेत. कोनात फिरणारा एकटा सांधा प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग वाढवतो व दोनदा घटवतो. दुसरा सांधा ही चढउतार भरून काढतो, पण योक एका रेषेत असले तरच. ते तिरके बसले तर हादरे दुप्पट होतात व गिअरबॉक्सचे बेअरिंग जाते. आपण केलेली खूण येथे उपयोगी पडते.

गार्ड व त्याची साखळी परत बसवल्याशिवाय शाफ्ट गिऱ्हाइकाच्या हाती देऊ नये. हा शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला नऊ फेरे घेतो. सदऱ्याचे टोक किंवा ओढणी गुंडाळली तर हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. गार्ड तुटला असेल तर नवा घ्यायला सांगावे. चार पैसे वाचवण्यासाठी कुणाचा जीव धोक्यात घालणे कोणत्याही कारागिराला शोभत नाही.

गिऱ्हाइकाला दोन गोष्टी समजावून द्याव्यात. दर आठ तासांच्या कामानंतर ग्रीस द्यावे. बांधावर वळताना रोटाव्हेटर उचलण्यापूर्वी पी.टी.ओ. बंद करावा, कारण उचलल्यावर सांध्याचा कोन वाढतो व क्रॉसवर भार येतो.

व्यवहाराबद्दल थोडे. चालू मापांचे क्रॉस हंगामापूर्वीच आणून ठेवावेत. बिलावर माप व कंपनी लिहावी आणि जुना क्रॉस गिऱ्हाइकाला परत द्यावा. हलका माल असेल तर तो हलका म्हणूनच विकावा. मालाचा ऐब लपवून विकणे आपल्या दीनने मना केले आहे. शेतकऱ्याचा वाफसा दोन दिवसांत निघून जातो. त्या दोन दिवसांत ज्याच्या हातचा क्रॉस टिकला, त्याच्याच दुकानी तो पुढच्या साली येतो. हलाल रोजीत बरकत येते ती अशा कामातूनच, इन्शाअल्लाह.